डिजिटल साधनांनी धंदा सुधारतो की नुसती धावपळ वाढते? (नाशिकचे छोटे व्यावसायिक, इकडे या)

गारवा | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम आहे माझं. मी आणि तीन पोरं. दुकान म्हणजे एक गाळा, त्यात निम्मे जुने कॉम्प्रेसर पडलेले.

गेल्या काही वर्षांत एकेक करत सगळं आलं. आधी क्यूआर, मग पैसे आल्याचं ओरडून सांगणारा स्पीकर, गूगलवर दुकानाची नोंद, व्हॉट्सॲप बिझनेस. मग एका ॲपवरून कॉल घ्यायला लागलो, ते कमिशन कापून पैसे देतात. आता एक मुलगा रोज येऊन बसतो, म्हणतो सीआरएम घ्या, गिऱ्हाइकांचा सगळा हिशोब एका जागी राहील. वर्षाचे पैसे आधी भरायचे.

माझा प्रश्न सरळ आहे. कॉल वाढलेत, खात्यात येणारे पैसे वाढलेत, पण महिनाअखेर हातात उरतं त्यात म्हणावा असा फरक नाही. पोरं मात्र संध्याकाळी पार पिळून आलेली असतात. मग नक्की सुधारलं काय? तुमच्या धंद्यात कोणत्या साधनानं खरंच फरक पडला आणि कोणतं नुसतं गळ्यात पडलं, ते सांगा. 'काळाबरोबर चाललं पाहिजे' हे वाक्य कृपया नको, ते आमचे मेहुणे रोज ऐकवतात.

तिरकस | शनिवार, रात्री १०:५५

मेहुण्यांना सीआरएम विका.

विषय चांगला आहे. बूड टेकवून वाचतोय.

शोधाशोध | शनिवार, रात्री ११:२०

गारवादादा, मी याच क्षेत्रात आहे, कॉलेज रोडला छोट्या दुकानांची ऑनलाइन कामं करतो. तेव्हा माझं बोलणं थोडं कमी धरून घ्या.

गूगलवर 'एसी रिपेअर' शोधल्यावर कोण वर दिसतं, ते मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: शोधलेल्या कामाशी तुमची नोंद किती जुळते, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती ठळक आहे (रिव्ह्यू, फोटो, इतर ठिकाणचे उल्लेख). अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन आहेत. मी बघितलेल्या बहुतेक नोंदींमध्ये वेळा जुन्या, प्रकार चुकीचा आणि फोटो बंद शटरचा असतो. हे सगळं फुकटात दुरुस्त होतं. रिव्ह्यूसाठी गिऱ्हाइकाला सूट मात्र देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि नोंद अडचणीत येते.

सीआरएमबद्दल म्हणाल तर चार माणसांच्या धंद्याला लगेच लागेल असं नाही. पण 'हातात काही उरत नाही' याचा दोष साधनांना देणंही बरोबर वाटत नाही. कॉल वाढले हे तुम्हीच लिहिलंय की. साधनाचं काम तेवढंच होतं.

सुईदोरा | रविवार, सकाळी ८:१५

पंचवटीत ब्लाउज, ड्रेस शिवते. मदतीला एक मुलगी, तीही अर्धा दिवस.

शोधाशोध भाऊ, तुमच्यासारख्याच एका मुलानं मला इन्स्टाग्रामचं पान काढून देतो म्हणून सांगितलं होतं. मी नको म्हटलं. तो म्हणाला, मावशी, गिऱ्हाईक दुप्पट होईल. मी म्हटलं, होईल रे, पण शिवणार कोण? लग्नसराईत मला आलेलं काम परत पाठवावं लागतं. माझ्याकडे कमी आहेत ते शिवणारे हात. गिऱ्हाईक नाही.

फरक पडला तो साध्या व्हॉट्सॲपनं. आधी दिवसभर फोन. 'ताई, झालं का?' 'ताई, आज मिळेल का?' प्रत्येक फोनला मशीन थांबवायचं, वही काढायची, कोणाचं कुठवर आलंय ते बघायचं, आणि परत बसले की आधी दोरा शोधायचा. आता बिझनेसवाल्या व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येकीला लेबल लावलंय: कापड आलं, कटिंग झालं, ट्रायल, तयार. संध्याकाळी मशीन बंद केल्यावर एकदाच बसून निरोप टाकते. फोन जवळजवळ थांबले. गळ्याचं डिझाइन आता फोटोनं येतं, त्यामुळे 'मी असा सांगितलाच नव्हता' हा वादही मिटला, वर तिचाच फोटो असतो ना.

मापं मात्र वहीतच आहेत. ती वही माझ्या सासूबाईंची पद्धत, कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचलेला. मोबाइलमध्ये ती येणार नाही आणि आणायचीही नाही.

लग्नसराईच्या आधी स्टेटस टाकते, 'अमुक तारखेनंतर काम घेणार नाही'. तेव्हापासून बायका लवकर येतात आणि घाईच्या कामाचे जास्त पैसे देतानाही कुरकुर करत नाहीत.

तिरकस | रविवार, सकाळी ८:३१

सुईदोरा ताईंना +१. 'शिवणार कोण' हा प्रश्न एमबीएच्या पोरांना पेपरात घालायला हवा.

कात्रीवाला | रविवार, दुपारी ३:०५

सिडकोत सलून आहे, तीन खुर्च्या. रविवार असून आत्ता लिहितोय, कारण पाच मिनिटं लाइट गेलीय.

आम्ही बुकिंगचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात आपोआप ऑफर जायच्या: ज्या दिवशी गर्दी कमी त्या दिवशी सूट. म्हणजे मंगळवारी आणि शनिवारी. आता आपल्याकडे मंगळवार-शनिवार केस न कापणारे किती, गुरुवार पाळणारे किती, हे त्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार? श्रावणात आणि पितृपक्षात तर निम्मी खुर्ची रिकामी, आणि हे आपलं सूट पाठवतंय. ज्यांना यायचंच नाही त्यांना सूट देऊन काय मिळणार? आणि जे येणारच होते ते कमी पैशात येऊन गेले. बंद केलं.

उपयोग झाला तो बुधवार आणि शुक्रवारच्या दुपारचा. त्या वेळी खुर्च्या रिकाम्या आणि रविवारी बाहेर बाकावर दहा जण. निवृत्त मंडळींना, पाळी लवकर सुटणाऱ्या अंबडच्या कामगारांना व्हॉट्सॲपवर सांगितलं की दुपारी या, थांबावं लागणार नाही, दर थोडा कमी. रविवारी कोणी 'किती गर्दी?' विचारलं की पोरगा आकडा टाकतो. केस रंगवणाऱ्यांना महिन्यानं एक निरोप जातो. एवढंच.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. क्यूआर आल्यावर पोरांची बक्षिशी गेली. आधी सुट्टे पैसे परत देताना गिऱ्हाईक 'ठेव रे' म्हणायचं. आता दोनशे म्हणजे दोनशे, तेही माझ्या खात्यात. एक चांगला कारागीर यावरून सोडून चालला होता. मग प्रत्येक आरशाखाली त्या त्या पोराचा स्वतःचा क्यूआर लावला, त्यावर लिहिलं 'बक्षीस इथे'. पहिल्याइतकं येत नाही, पण येतं.

स्पीकरबद्दल वाईट बोलणार नाही. हाताला फेस असतो, मोबाइल कोण बघणार? खोटे स्क्रीनशॉट दाखवून जाणारे होते ते बंद झाले.

घरपोच | रविवार, रात्री ९:१०

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. आधी गंगापूर रोडला पार्लरमध्ये नोकरी होती, मग एका ॲपवरून घरी जाऊन फेशियल, वॅक्सिंग करायला लागले. सुरुवातीला खरंच बरं वाटलं. पैसे वेळेवर, गिऱ्हाईक शोधायला नको.

पण तिथं माझा दिवस माझा नसतो. कॉल नाकारले तर पुढचे कमी येतात, रेटिंग घसरलं तरी कमी येतात. सकाळी म्हसरूळ, मग अशोका मार्ग, मग परत मखमलाबाद. पाठीवर ती बॅग. रस्त्यातला वेळ कोणीच मोजत नाही, पेट्रोल माझं. सामान त्यांच्याकडूनच घ्यायचं. कमिशन जातं ते दिसतं तरी. रस्त्यात जातो तो वेळ कुठल्याच कागदावर दिसत नाही.

आता ॲपचं काम अर्धं केलंय. इंदिरानगरमधल्या दोन-तीन सोसायट्या धरल्या आहेत, एका दिवशी एकाच सोसायटीत चार-पाच जणी. त्यांच्या ग्रुपवर बायकाच आपसात वेळा ठरवतात. चालत जाते एका इमारतीतून दुसरीत.

गारवादादा, तुमची पोरं दिवसात किती वेळ गाडीवर असतात ते कधी बघितलंय का?

आकडेमोड | रविवार, रात्री ११:४८

घरपोच ताईंनी मुद्दा धरलाय. मी अर्थशास्त्र शिकवतो, धंदा केलेला नाही, तेव्हा माझं फक्त आकड्यांपुरतं घ्या.

सेवेचा माल म्हणजे वेळ. किराणावाल्याची साखर आज विकली नाही तर उद्या विकता येते. कात्रीवाल्यांची बुधवारी दुपारी तीनची रिकामी खुर्ची रविवारी विकता येत नाही. म्हणून किती कॉल आले यापेक्षा तासाला किती मिळालं हे बघावं लागतं.

समजा, काम पाऊण तासाचं आणि रस्ता पाऊण तासाचा. दीड तासाला एक कॉल, आठ तासांत पाच. तोच रस्ता पंधरा मिनिटांवर आणला तर तासाला एक कॉल. जेवण, चहा, गिऱ्हाइकाच्या गप्पा धरून आठचे सात म्हणा. तीच पोरं, तोच पगार. आता समजा काम ५०० रुपयांचं, आणि ॲप २५ टक्के कापतं. लांबच्या ॲपच्या कॉलला दीड तासात ३७५, म्हणजे तासाला २५०. जवळच्या स्वतःच्या कॉलला तासाला ५००. मोबाइलवर दोन्ही 'एक कॉल' म्हणूनच दिसतात. त्यामुळे कॉल वाढूनही हातात काही उरत नाही, यात मला तरी गूढ काही दिसत नाही.

संशोधनातलं थोडं. मायकल लुका या अर्थशास्त्रज्ञानं २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या हॉटेलांचं उत्पन्न आणि येल्प या रिव्ह्यूच्या साइटवरचं रेटिंग ताडून पाहिलं. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढलेलं दिसलं. पण हे स्वतंत्र हॉटेलांचं. साखळीवाल्यांना फरक पडला नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत होतं. म्हणजे रिव्ह्यूचा फायदा अनोळखी माणसाला जास्त. शोधाशोध यांचं म्हणणं अगदीच दुकानदारीचं नाही.

दुसरं आपल्या जवळचं. निक ब्लूम या अर्थशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी तारापूर, उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत प्रयोग केला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथं नवी यंत्रं आणली नाहीत. मशीन कधी आणि का बंद पडलं, माल कुठे ठेवलाय, दोष कशात आले हे रोज लिहायला आणि त्यावर रोज बोलायला लावलं. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. कारखाना आणि दुरुस्तीचा धंदा एक नाही, हे मान्य. पण सीआरएम घेण्याआधी आठवडाभर साध्या कागदावर लिहून बघायला काय हरकत आहे? निघाले कधी, पोचले कधी, काम संपलं कधी. तेवढंच.

शोधाशोध | सोमवार, सकाळी १०:०२

आकडेमोड सर, धन्यवाद, 'अगदीच दुकानदारीचं नाही' हे प्रशस्तिपत्रक फ्रेम करून लावतो.

एक मुद्दा तरी मांडतो. सुईदोरा मावशींना गिऱ्हाईक नको, कारण ते तीस वर्षांत तोंडोतोंडी जमलेलं आहे. नव्यानं गाळा टाकणाऱ्याला ती चैन परवडत नाही. त्याच्यासाठी गूगलची नोंद हाच रस्त्यावरचा बोर्ड आहे. आणि सिंहस्थ तोंडावर आहे. बाहेरगावचा माणूस पंचवटीत उतरला की कोणाला विचारत बसणार? लॉन्ड्री, सलून, पंक्चर, मोबाइल दुरुस्ती, सगळं मोबाइलवर शोधणार. तेव्हा वेळा चुकीच्या असल्या तर बसा.

सुईदोरा | सोमवार, सकाळी १०:४०

तीस नाही, तेवीस. म्हातारी करू नका. बाकी बरोबर आहे तुमचं.

ओट्यावरून | सोमवार, दुपारी १:१५

गिऱ्हाइकाची बाजू कोणी मांडेना म्हणून लिहिते. नाशिकरोड, जेलरोड भाग.

आम्हाला तुमची साधनं दिसत नाहीत हो. आम्हाला दिसतं ते 'सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान येऊ'. एक दिवस रजा टाकायची आणि दाराकडे बघत बसायचं. जो माणूस 'साडेअकराला येतो' म्हणून पावणेबाराला येतो, त्याला मी पन्नास रुपये जास्त देते आणि बहिणीला त्याचाच नंबर देते. त्याचं रेटिंग मी कधीच बघितलेलं नाही.

आणि प्रत्येक ठिकाणी मोबाइल नंबर मागणं बंद करा. ड्रायक्लीनला नंबर, चष्म्याला नंबर, मग दिवसभर 'प्रिय ग्राहक'. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना सांगितलं होतं की नंबरासाठी अडून बसू नका. कोणी ऐकलेलं दिसत नाही.

कात्रीवाला | सोमवार, दुपारी १:५०

ताई, त्या ढिगानं जाणाऱ्या निरोपांचं गंमत म्हणून सांगतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि एका यादीत २५६ जण. आमच्यासारख्याला तेवढं पुरतं. ज्यांनी नंबर ठेवलाच नाही, त्यांना आपण नकोच आहोत.

(सोमवार आहे, दुकान बंद, म्हणून निवांत.)

ताळेबंद | सोमवार, रात्री ९:३०

सीए आहे, शरणपूर रोडला ऑफिस. हिशोबाचं कोणी बोललं नाही म्हणून.

बरेच जण मला विचारतात, 'साहेब, क्यूआर काढून टाकू का?' जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तिथं लोकांनी क्यूआर उतरवले, तेव्हापासून ही भीती आहे. काढू नका. दोन गोष्टी नीट करा.

एक, धंद्याचं खातं वेगळं. भावानं पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे, सासऱ्यांनी दिलेलं उसनं, सगळं एकाच खात्यात आलं की ती सगळी विक्रीच वाटते, आणि मग तसं नाही हे सिद्ध करत तुम्ही बसता. दोन, मर्यादा माहीत ठेवा. आपल्याकडे सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची आहे. ४० लाख ऐकलेलं असतं ते मालाचं. नोंदणी लागलीच तर ५० लाखांपर्यंत सेवेवाल्यांना ६ टक्क्यांची कंपोझिशन (उलाढालीवर सरसकट कर) आहे, पण मग तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही.

डिजिटलचा सरळ फायदाही आहे. ज्याला सगळे ४४एडी म्हणतात त्या आयकराच्या अंदाजित पद्धतीत रोख जमेवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. स्पीकरचं भाडं लागतं ते वेगळं. बहुतेकांना हे दोन्ही आकडे माहीतच नसतात, क्यूआर घेतात तो शेजाऱ्यानं लावला म्हणून.

ॲपवरून येणाऱ्या कामाचंही सांगतो. प्लंबर, सुतार अशी घरगुती कामं ॲपवरून बुक झाली आणि करणारा नोंदणीकृत नसेल, तर जीएसटी भरायची जबाबदारी ॲप चालवणाऱ्या कंपनीची. तुमच्याकडून कोणी त्या नावाखाली वेगळे पैसे मागत असेल तर कागद मागा.

तिरकस | सोमवार, रात्री ९:४४

काका, एक शंका. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याचं खातं बँकेनं गोठवलं. कोणत्या तरी गिऱ्हाइकाचे पैसे सायबर फसवणुकीतले निघाले म्हणे. याचा काय दोष?

ताळेबंद | सोमवार, रात्री १०:०५

दोष काही नाही, पण होतं असं. फसवणूक झालेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करतो, तिथून पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला त्यांना सूचना जातात. बँकेकडून लेखी घ्या: कोणत्या तक्रारीवरून, किती रकमेवर. फक्त वादातली रक्कम गोठवा, अशी मागणी करा. त्या दिवशीचं बिल, कामाची नोंद जवळ असेल तर सुटका लवकर होते. म्हणून म्हणतो, दहा रुपयांच्या झेरॉक्सचं नाही, पण मोठ्या कामाचं बिल द्यावं. आणि घरखर्चाचं खातं वेगळं असेल तर दूध तरी चालू राहतं.

गारवा | पुढचा रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. आकडेमोड सरांनी सांगितलं तसं पोरांना कागद दिले. कुरबुर झाली, पण लिहिलं.

जे दिसलं ते असं. एका पोराचा दिवस: सकाळी सातपूर, मग जेलरोड, मग परत गंगापूर रोड. दोन वेळा द्वारकेच्या चौकात अडकलेला. गाडीवरचा वेळ कामाच्या वेळेच्या जवळपास निघाला. लांबचे बहुतेक कॉल ॲपचे. आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या डोक्यातही नव्हती: बऱ्याच ठिकाणी दोनदा जावं लागलं, कारण पहिल्या वेळी तो पार्ट गाडीत नव्हता.

म्हणून सध्या दोन बदल केलेत. भागाप्रमाणे वार ठरवून घेतले. सोमवारी आणि गुरुवारी सिडको, इंदिरानगर, पाथर्डी. मंगळवारी पंचवटी, म्हसरूळ. बुधवारी नाशिकरोड वगैरे. अडलेल्याचा फ्रिज बंद पडला तर जातोच, पण सर्व्हिसिंगची कामं वाराप्रमाणे. ॲपवर फक्त जवळचे दोन भाग ठेवलेत. ओट्यावरून ताई, आता वेळ अर्ध्या तासाच्या अंदाजानं सांगता येते.

दुसरं, कॉल आला की व्हॉट्सॲपवर तयार उत्तर जातं: मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, आवाज येत असेल किंवा लाइट लुकलुकत असेल तर त्याचा छोटा व्हिडिओ पाठवा. व्हिडिओत लाइट किती वेळा लुकलुकते ते मोजलं की सेन्सर की पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) याचा अंदाज येतो. कपॅसिटर गेलाय हे नुसत्या आवाजावरून कळतं बऱ्याचदा. पार्ट घेऊनच निघायचं.

सीआरएमवाल्या मुलाला विचारलं, यात भागाप्रमाणे वार लावता येतात का? म्हणाला, 'पुढच्या अपडेटला येईल.' पुढच्या अपडेटला ये म्हटलं.

उन्हाळा अजून बाकी आहे. एप्रिल-मेमध्ये हे वार टिकतात का ते बघायचंय, तेव्हा सगळ्यांचेच एसी एकदम बंद पडतात.

घरपोच | पुढचा रविवार, रात्री १०:४१

मेमध्ये दोन भागांना एक पोरगा वाटून द्या, वार सोडून द्या. आमच्याकडे दिवाळीत तेच करतो.

आकडेमोड | पुढचा रविवार, रात्री ११:०३

कागद बंद करू नका एवढंच. पहिल्या आठवड्यात सगळे नीट लिहितात, तिसऱ्यात संध्याकाळी बसून एकदम भरतात.

सुईदोरा | सोमवार, सकाळी ७:५०

गारवादादा, आमचा फ्रिज दोन दिवस झाले खाली पाणी सोडतोय. काल दूध नासलं. पंचवटी, मालेगाव स्टँडजवळ. आज येता का?

गारवा | सोमवार, सकाळी ८:०५

मावशी, पंचवटी उद्या. दूध नासलं म्हणजे अडलेल्यातच धरतो, संध्याकाळी साडेसहाला एकाला पाठवतो. स्टिकरचा फोटो टाका. फ्रीझरमध्ये बर्फ किती साठलाय त्याचाही.